रोज जवळ बाळगण्यासाठी ‘प्रबल’ रिव्हॉल्व्हर: घ्यावे की जुन्या मार्क-थ्रीवरच राहावे?

प्रवराकाठ (प्रश्न)

सर्व सभासदांना नमस्कार. माझी सराफी पेढी अहिल्यानगर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी असून, मालाच्या निमित्ताने मुंबईच्या झवेरी बाजारात आणि पुण्यात माझे नियमित जाणे-येणे असते. वडिलांच्या पश्चात त्यांचे .३२ बोअरचे मार्क-थ्री रिव्हॉल्व्हर वारसाहक्काने माझ्या परवान्यावर चढले. ते कानपूरच्या सरकारी कारखान्याचे, मधोमध मोडून उघडणारे, ब्रिटिश वेब्ली कंपनीच्या जुन्या घाटाचे आणि लांब नळीचे आहे. हत्यार अजून उत्तम चालते. परंतु ते कंबरेला लावून चार-पाच तास मोटारीत बसणे मला जमत नाही, आणि त्यामुळे बहुतेक वेळा ते पेढीच्या तिजोरीतच राहते. तिजोरीत राहणाऱ्या हत्याराचा रस्त्यात काय उपयोग, असे घरचे विचारतात आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नसते.

ऑगस्ट २०२३ मध्ये ‘अॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया’ या सरकारी कंपनीने ‘प्रबल’ हे नवे रिव्हॉल्व्हर आणले. कंपनीने जाहीर केलेल्या माहितीनुसार त्याचे वजन काडतुसांखेरीज ६७५ ग्रॅम, नळी ७६ मिलिमीटर, एकूण लांबी १७७.६ मिलिमीटर आणि पल्ला ५० मीटरपर्यंत आहे. सिलिंडर (काडतुसे बसवण्याचा फिरता भाग) बाजूला उघडते आणि चाप हलका आहे, हेही आवर्जून सांगितले जाते. परवान्यावर दुसरे हत्यार चढवून घेण्याची माझी तयारी आहे, कारण शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतरही दोन हत्यारांपर्यंत मुभा आहे.

मला जाणकारांकडून तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. बाजूला उघडणारे सिलिंडर हे खरोखर चांगले की केवळ नवे? विक्रेत्याच्या काउंटरवर, एकही गोळी न झाडता, हत्याराची पारख कशी करावी? आणि रिव्हॉल्व्हरऐवजी .३२ चे पिस्तूल घेतल्यास ते अधिक चपटे आणि सोयीचे होईल का? किमतीचा प्रश्न मी मुद्दाम विचारत नाही. रिव्हॉल्व्हर आणि पिस्तुलांवरील जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये २८ वरून ४० टक्क्यांवर गेल्यामुळे तो आकडा जो काही असेल तो सोसावाच लागणार आहे.

कोल्हापूरचा नेमबाज

प्रवराकाठ साहेब, बाजूला उघडणाऱ्या सिलिंडरची नवलाई केवळ आपल्याकडच्या नागरी हत्यारांपुरतीच आहे. कोल्ट कंपनीने तशा बनावटीचे रिव्हॉल्व्हर १८८९ मध्ये अमेरिकेच्या नौदलाला दिले होते, आणि स्मिथ अँड वेसन कंपनीचे पहिले बाजूला उघडणारे रिव्हॉल्व्हर १८९६ मध्ये ज्या काडतुसाबरोबर बाजारात आले, ते म्हणजे आपण आजही वापरतो तेच .३२ लाँग. म्हणजे आपल्याकडे काडतूस आधी आले आणि त्याच्या जोडीची यंत्रणा सव्वाशे वर्षांनी आली. असो.

आता गुणदोष पाहू. आपल्या मार्क-थ्रीमध्ये नळी आणि मागची चौकट हे दोन वेगळे भाग असून ते खाली बिजागरीने आणि वर एका खिट्टीने धरलेले असतात. वर्षानुवर्षे उघडझाप झाली की ती बिजागरी आणि खिट्टी दोन्ही सैल पडत जातात, आणि मग नळी सिलिंडरच्या मानाने किंचित डुलू लागते. बाजूला उघडणाऱ्या हत्यारात चौकट अखंड असते, म्हणून हा दोष मुळातच उद्भवत नाही. याउलट मोडून उघडणाऱ्या हत्याराचा एक मोठा गुण नव्या खरेदीदारांच्या लक्षात येत नाही: ते उघडताक्षणी सहाही पुंगळ्या (झाडलेल्या काडतुसांची रिकामी आवरणे) आपोआप वर येऊन बाहेर पडतात, आणि हे काम डाव्या-उजव्या दोन्ही हातांनी सारखेच होते. बाजूच्या सिलिंडरमध्ये पुढचा दांडा अंगठ्याने किंवा तळव्याने पूर्ण जोर लावून दाबावा लागतो, तोही हत्याराचे तोंड वर करून. अर्धवट दाबला तर एखादी पुंगळी चांदणीच्या आकाराच्या खेचणीखाली अडकते, आणि ती नखाने काढत बसण्यात जो वेळ जातो तो मोडून उघडणाऱ्या हत्यारात सहसा जात नाही. तरीही दोन्हींत निवड करायची झाली तर मी अखंड चौकटच निवडीन, कारण सहा गोळ्यांनंतर पुन्हा भरण्याचा प्रसंग सामान्य नागरिकावर क्वचितच येतो, पण चौकट मात्र रोज कंबरेवर असते.

काउंटरवरच्या परीक्षेबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण येथेच बहुतेक जण घाई करतात. सिलिंडर उघडून काडतुसांची सहाही घरे रिकामी असल्याची स्वतः खात्री करावी आणि विक्रेत्यालाही करायला लावावी. सिलिंडर मिटताना दुसऱ्या हाताच्या बोटांनी हळुवार आत बसवावे. सिनेमात दाखवतात तसा मनगटाचा झटका देऊन मिटल्यास सिलिंडर धरणारा आडवा भाग कालांतराने वाकतो, आणि एखादा विक्रेताच तसे करून दाखवत असेल तर त्याच्या काचेमागच्या नमुन्याऐवजी बंद खोक्यातला नग मागावा.

मग डाव्या हाताचे एक बोट सिलिंडरवर अगदी हलके टेकवून, म्हणजे त्याच्या फिरण्याला किंचित अडथळा होईल इतपत, घोडा (काडतुसावर आघात करणारा मागचा हातोडीसारखा भाग) अंगठ्याने सावकाश मागे ओढावा. घोडा पूर्ण चढण्याआधी किंवा निदान त्याच क्षणी सिलिंडर खाचेत ‘टक’ करून पक्के बसले पाहिजे. घोडा चढला आणि सिलिंडर अजून बोटाने पुढे ढकलता येते आहे, असे एकाही घराच्या बाबतीत झाले तर तो नग परत करावा. सहाही घरांची अशी तपासणी करावी. पाच बरोबर आणि सहावे चूक, असे होऊ शकते. या तपासणीत घोडा सोडताना तो अंगठ्याने धरून हळू खाली आणावा, रिकाम्या घरावर आपटू देऊ नये. मग चाप मागे दाबून धरून सिलिंडर दोन बोटांत पकडावे आणि पुढे-मागे हलवून पाहावे. आडवे थोडेसे हलणे चालते, पुढे-मागे हलणे मात्र जेमतेम जाणवावे इतकेच असावे.

यानंतर हत्यार पांढऱ्या कागदासमोर आडवे धरून सिलिंडरचे तोंड आणि नळीचे बूड यांमधील फट पाहावी. प्रकाशाची रेघ वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीची दिसली पाहिजे. ही फट साधारण ०.१० ते ०.२० मिलिमीटरच्या दरम्यान असणे चांगले. गॅरेजमध्ये प्लगची फट मोजायला वापरतात त्या पातळ पट्ट्यांच्या गेजने ती मोजताही येते. फट फार मोठी असेल तर शिसे आणि जळका वायू बाजूने उडतो, आणि फार लहान असेल तर पाच-पंचवीस गोळ्यांच्या काजळीने सिलिंडर फिरताना अडखळते.

आता चाप. रिव्हॉल्व्हर घोडा न चढवता चालवताना एकाच ओढीत घोडाही चढतो आणि सुटतोही, आणि त्यासाठी सामान्यतः साडेचार ते साडेपाच किलोचा जोर लागतो. हत्याराचे स्वतःचे वजन पाऊण किलोही नाही. पाऊण किलोच्या वस्तूवर पाच किलोचा जोर एकाच बोटाने लावला की ती वस्तू हलणारच. लहान रिव्हॉल्व्हरने नेम चुकतो तो यामुळे, नळी आखूड असल्यामुळे नव्हे. कंपनीने चाप हलका केल्याचे सांगितले आहे, तो किती हलका आहे हे आपल्या बोटानेच ठरवावे. घरात डमी काडतुसे टाकून, नळीच्या पुढच्या माशीमागे (नेम धरण्याच्या उंचवट्यामागे) एक रुपयाचे नाणे आडवे ठेवून चाप संपूर्ण ओढावा आणि नाणे पडते का ते पाहावे. सहा वेळा लागोपाठ नाणे टिकले तर ते हत्यार आपल्या हाताचे आहे. विक्रेत्याकडे डमी काडतुसे नसतात, म्हणून ती आपण घेऊन जावीत.

पन्नास मीटरच्या पल्ल्याकडे मी फारसे लक्ष देणार नाही. ७६ मिलिमीटरच्या नळीवर पुढची माशी आणि मागची खाच यांतील अंतरच इतके थोडे असते की नेम धरताना मिलिमीटरभराची चूक पन्नास मीटरवर हातभर होते. आपल्या कामाचे अंतर पाच ते सात पावलांचे आहे, आणि सरावही त्याच अंतरावर करावा.

पिस्तुलाबद्दल: .३२ पिस्तुलाचे काडतूस वेगळे असते आणि रिव्हॉल्व्हरचे वेगळे, नावातला आकडा सारखा असला तरी एकाचे दुसऱ्यात चालत नाही. पिस्तूल चपटे असते हे खरे, आणि कंबरेला ते नक्कीच कमी टोचते, कारण रिव्हॉल्व्हरमध्ये सर्वांत जाड भाग म्हणजे सहा घरांचे सिलिंडर, आणि तो नेमका बरगडीखाली येतो. परंतु पिस्तूल काडतुसाच्या जोरावर स्वतःला पुन्हा भरते, त्यामुळे एखादे काडतूस फुसके निघाले तर दोन्ही हात वापरून ते काढावे लागते; रिव्हॉल्व्हरमध्ये चाप पुन्हा ओढला की पुढचे घर समोर येते. जो महिन्यातून एकदाही रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी, जाणार नाही, त्याने रिव्हॉल्व्हरच घ्यावे असे माझे स्पष्ट मत आहे.

निवृत्त फौजदार

शेठ, नेमबाजांनी यंत्राची बाजू सांगितली, मी बाळगण्याची सांगतो, कारण हत्यार चांगले की वाईट हे शेवटी ते कुठे आणि कसे राहते त्यावर ठरते.

शस्त्र नियम २०१६ प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल न्यायचे असेल तर ते हॉल्स्टरमध्ये, म्हणजे हत्याराच्या म्यानात, आणि झाकलेले असले पाहिजे. परवान्याच्या मागील अटी एकदा सावकाश वाचून पाहा: जत्रा, धार्मिक मिरवणूक, जाहीर जमाव आणि शिक्षणसंस्थेचे आवार येथे विशेष परवानगीशिवाय हत्यार नेता येत नाही. म्हणजे आपण मुलीला शाळेत सोडून पुढे मुंबईला जाणार असाल, तर शाळेच्या फाटकाच्या आत हत्यार जाता कामा नये. देवदर्शनाच्या गर्दीत, गणपतीच्या मिरवणुकीत, वरातीत तर नाहीच. आनंदाच्या भरात हवेत गोळीबार केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद २०१९ पासून आहे. या सर्व जागा वगळल्या तर ‘रोज जवळ बाळगणे’ म्हणजे प्रत्यक्षात पेढी, मोटार, व्यापाऱ्याचे दुकान आणि घर एवढेच उरते. मग ज्या मोटारीत आपण चार तास बसणार आहात, त्या बैठकीतच ते हत्यार तपासले पाहिजे, दुकानाच्या आरशासमोर उभे राहून नव्हे.

बसल्यावर कंबरेच्या मागच्या बाजूला लावलेले हत्यार सीटच्या पाठीत रुतते आणि सीटबेल्टच्या खाली अडकते. चालकाशेजारी बसून उजव्या कुशीला सरळ लावले तर हँडब्रेकच्या बाजूला, बेल्टच्या खटक्यात कोपर अडकते. नोकरीत मी बहुतेक काळ कमरेच्या पुढच्या डाव्या अंगाला, मूठ उजवीकडे वळवून लावत असे, कारण जीपमध्ये बसून उजव्या हाताला तेवढीच जागा सापडत असे. सफारी सूट किंवा बाहेर सोडलेला सदरा असेल तर हे झाकले जाते, खोचलेल्या शर्टावर झाकले जात नाही. रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसे मिळून सव्वासातशे ग्रॅमच्या पुढे वजन जाईल. त्याला साधा पातळ पट्टा पुरत नाही, दुहेरी चामड्याचा रुंद पट्टा घ्यावा लागतो. नव्या हत्याराला लाखावर रुपये मोजणारी माणसे पट्टा आणि हॉल्स्टर मात्र फुटपाथवरून घेतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. हॉल्स्टरने चाप पूर्ण झाकला पाहिजे आणि मोकळे असताना त्याचे तोंड मिटता कामा नये, एवढ्या दोन गोष्टी पाहाव्यात.

एक गोष्ट मात्र नेमबाजांच्या मताविरुद्ध सांगतो. आपले मार्क-थ्री खिळखिळे झाले नसेल, तर नवे घेण्याची गरज आहेच असे मला वाटत नाही. आखूड नळीचा तोच नमुना जुन्या परवानाधारकांकडे मिळतो, आणि ओळखीचे हत्यार हाताला लागलेले असते. शिवाय सराफाची लूट टळते ती वेळ आणि रस्ता बदलल्याने, बरोबर दुसरा माणूस असल्याने आणि माल विम्याखाली असल्याने. लुटारू आधीच ठरवून आलेला असतो, त्याच्या हातात हत्यार असते आणि आपले हॉल्स्टरमध्ये. आपल्या व्यवसायासाठी जो सराफी माल-विमा मिळतो, त्यात प्रवासातील मालाचा समावेश आहे का, हे ‘प्रबल’ची चौकशी करण्याआधी एकदा पाहून घ्यावे.

निवडणूक आली की हत्यार जमा करावे लागते, हा गैरसमज बराच पसरला आहे. सरसकट जमा करण्याऐवजी छाननी समिती परवानाधारकागणिक निर्णय घेते, आणि आपल्या नावे तसा आदेश आला तर मात्र मुदतीत जमा करून पावती घ्यावी.

तळकोकण

आमच्याकडे बहुतेकांकडे शेती संरक्षणाच्या परवान्यावरच्या ठासणीच्या नाहीतर बारा बोअरच्या बंदुका असतात. कंबरेला लावण्याचे हत्यार असणारे आम्ही थोडेच. म्हणून एवढेच लिहितो, की घामाचा विचार या चर्चेत अजून कोणी केलेला नाही. मे महिन्यात आणि पावसाळ्यात अंगाला लागून राहणाऱ्या हत्याराची जी बाजू पोटाकडे असते, तिच्यावर आणि मुठीच्या स्क्रूंवर आठवडाभरात तांबूस ठिपके येऊ लागतात. आम्ही रोज रात्री हत्यार रिकामे करून, चामड्याच्या हॉल्स्टरमधून बाहेर काढून, सुती फडक्याने पुसून वेगळे ठेवतो, कारण चामडे ओल धरून ठेवते आणि हत्यार त्यातच राहिले तर गंज आतून चढतो. तेलाचा हात फिरवावा पण काडतुसांना तेल लागू देऊ नये. काडतुसाच्या बुडाशी असलेल्या, पेट घेणाऱ्या टोपीपर्यंत तेल झिरपले तर काडतूस फुसके जाण्याची शक्यता असते. कंबरेवरची काडतुसे ठरावीक काळाने रेंजवर झाडून संपवावीत आणि नवी भरावीत. हत्यार दाखवायला आले की मी आधी मूठ उघडून आतली स्प्रिंग पाहतो, वरचा पॉलिश पाहत नाही.

ऑस्टिनकर

मी टेक्सासमध्ये राहतो आणि आपल्यापैकी अनेक जण येथील परीक्षणे यूट्यूबवर पाहून मग भारतातील हत्यारांना नावे ठेवतात, म्हणून थोडे लिहितो. येथे गेल्या काही वर्षांत रोज बाळगण्याच्या हत्याराची कल्पनाच बदलली, आणि ती बदलली २०१८ मध्ये आलेल्या सिग सॉवर पी-३६५ मुळे. जेमतेम एक इंच जाडीच्या पिस्तुलात त्यांनी ९ मिलिमीटरची दहा काडतुसे बसवली. तोवर त्या जाडीत सहा-सात बसत असत. पुढच्याच वर्षी ग्लॉकचे ४३-एक्स आणि स्प्रिंगफील्डचे हेलकॅट आले. ही तुलना भारतात लागू पडत नाही, कारण ९ मिलिमीटर हा तेथे प्रतिबंधित बोअर आहे, म्हणजे सामान्य नागरिकाला परवान्यावर मिळत नाही, आणि .३२ लाँगची साधारण ९८ ग्रेनची, म्हणजे सव्वासहा ग्रॅमच्या आसपासची, शिशाची गोळी सेकंदाला दोनशे मीटरच्या थोड्या वर वेगाने जाते, म्हणजे तिची ऊर्जा ९ मिलिमीटरच्या एक तृतीयांशाच्या आसपास भरते.

दुसरे म्हणजे येथे नवे पिस्तूल घेतले की कंबरेला लावण्याआधी त्यातून दोनशे-तीनशे गोळ्या झाडून पाहण्याची पद्धत आहे. पी-३६५ च्या पहिल्या नगांमधील तक्रारी लवकर उघड झाल्या त्या अशाच वापरामुळे. तुमच्याकडे परवान्यावर नोंदलेल्या काडतुसांवर सारा हिशेब असल्याने अशी परीक्षा घेता येत नाही, आणि म्हणून नेमबाजांनी सांगितलेली काउंटरवरची तपासणी तुमच्यासाठी आमच्यापेक्षा अधिक महत्त्वाची ठरते. कमी जोराच्या काडतुसाचा एक लाभही आहे: हिसका फार थोडा बसतो, त्यामुळे दुसरी गोळी पहिलीइतकीच नेमकी जाते. ६७५ ग्रॅमच्या हत्यारात तर तो जवळपास जाणवणारही नाही.

प्रवराकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. फौजदारसाहेब, विम्याची पॉलिसी काढून वाचली. प्रवासातील मालाची मर्यादा दुकानातील मालाच्या मानाने फारच थोडी निघाली, ती वाढवून घेत आहे. जुन्या मार्क-थ्रीवर नेमबाजांची बोटाची परीक्षा करून पाहिली. सहापैकी एका घरात सिलिंडर उशिरा बसते, आणि नळी मोडून उघडण्याच्या जागी हलते हेही हाताला लागले. त्यामुळे दुसरे हत्यार घ्यायचे हे आता जवळपास ठरले आहे.

दोन शंका राहिल्या. मी डावखुरा आहे, आणि बाजूचे सिलिंडर डावीकडे उघडते. नेमबाज म्हणाले की मोडून उघडणारे हत्यार दोन्ही हातांनी सारखे चालते, तर माझ्यासाठी तेच योग्य ठरेल का? दुसरे, गर्दीत किंवा रात्री गाडी अडवली गेल्यास घोडा आधीच चढवून हत्यार हातात धरावे का? तसे केल्यास चाप फार हलका होतो आणि नाणेही पडत नाही.

वकिली सातारा

दुसऱ्या शंकेचे उत्तर मी देते, कारण ते यंत्रापेक्षा न्यायालयाशी अधिक संबंधित आहे. घोडा चढवून हत्यार माणसावर रोखू नये. घोडा चढल्यावर चापाला दीड-दोन किलोचाच जोर लागतो, आणि थरथरत्या हातातून तो केव्हा सुटला हे आपल्यालाही सांगता येणार नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये खासगी बचावाचा अधिकार सांगितला आहे. कलम ४१ प्रमाणे जबरी चोरीच्या प्रसंगी मालमत्तेच्या बचावासाठीही हा अधिकार प्राण घेण्यापर्यंत जाऊ शकतो, परंतु कलम ३७ त्याला आवश्यकतेइतक्याच बळाची मर्यादा घालते, आणि कलम ४३ प्रमाणे जबरी चोरीत तो तत्काळ मृत्यूची, दुखापतीची किंवा अडवून धरले जाण्याची भीती टिकून आहे तोवरच टिकतो. ‘मी झाडली’ आणि ‘ती सुटली’ ही दोन वेगळी विधाने आहेत. बचावाचा अधिकार पहिल्याला मिळतो. दुसऱ्यात आपण अपघात सांगत असता, आणि मग प्रश्न येतो तो निष्काळजीपणाचा. लांब आणि जड ओढीचा चाप हा रोज बाळगण्याच्या हत्यारात दोष नसून सोय आहे, असे माझे मत अनेक खटल्यांची कागदपत्रे वाचून झाले आहे. म्हणून ‘चाप हलका’ या जाहिरातीवर फार भाळू नये.

माल घेऊन मोटारसायकलवर पळणाऱ्यावर पाठीमागून गोळी झाडणे हे तर कोणत्याही परिस्थितीत टाळावे.

कोल्हापूरचा नेमबाज

वकीलबाईंशी मी सहमत आहे, आणि नाण्याची परीक्षा मी घोडा न चढवताच करायला सांगितली होती, हे पुन्हा नमूद करतो.

डावखुऱ्यांसाठी बाजूचे सिलिंडर गैरसोयीचे असले तरी अशक्य नाही. हत्यार डाव्या हातातच ठेवून, उजव्या हाताच्या अंगठ्याने सिलिंडर सोडवणारा खटका सरकवावा आणि उजव्या हाताच्या तर्जनीने सिलिंडर उजवीकडून डावीकडे ढकलावे. मग हत्याराचे तोंड वर करून उजव्या तळव्याने दांडा एका दमात खाली दाबावा आणि त्याच हाताने काडतुसे भरावीत. उजवा हात बारीक कामाला तयार नसेल तर सुरुवातीला काडतुसे पडतात, म्हणून हा सराव डमी काडतुसांनी पलंगावर करावा, फरशीवर नव्हे. खरी अडचण वेगळीच आहे. खटका डाव्या अंगाला असल्यामुळे डावखुऱ्याने घट्ट मूठ धरली की तर्जनीचे मूळ त्या खटक्याजवळ येते; काउंटरवर डाव्या हातात हत्यार धरून, चाप ओढताना खटका आपोआप सरकत तर नाही ना, हे विशेष करून पाहावे. विक्रेता बहुधा उजव्या हातानेच दाखवतो. तो खटका बोटाला लागत असेल तर मूठ थोडी खालून धरून पाहावी, आणि तरीही लागत असेल तर आखूड नळीचे मोडून उघडणारे हत्यार शोधावे. वेब्ली अँड स्कॉटचे नवे .३२ त्याच घाटाचे असून ते आता उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यातील संडीला येथे तयार होते.

आपल्या जुन्या मार्क-थ्रीतून मात्र आता गोळी झाडू नये. घर नळीच्या समोर पूर्ण न बसता काडतूस पेटले तर गोळीची कड नळीच्या बुडावर घासून शिसे बाजूला उडते, आणि शेजारी उभ्या असलेल्याच्या डोळ्याला इजा होऊ शकते. ते परवानाधारक दुरुस्ती-कारागिराकडे परवान्यासह न्यावे आणि सिलिंडर अडवणारी खिट्टी व तिची स्प्रिंग पाहायला सांगावी. बहुधा तेवढ्यानेच भागते. नळीच्या सांध्याचा ढिलेपणा मात्र त्याने ठोकून बसवण्याची तयारी दाखवली, तर हत्यार उचलून घरी आणावे.

नव्या हत्याराची पावती होताना चौकटीवरील क्रमांक, परवान्यावर चढणारा क्रमांक आणि खोक्यावरील क्रमांक हे तीनही स्वतः वाचून ताडून पाहावेत, आणि खरेदीनंतर ठरलेल्या मुदतीत हत्यार परवाना प्राधिकाऱ्याकडे तपासणीसाठी दाखवून नोंद करून घ्यावी. तोवर ते कंबरेला लावू नये.